बेटी कार्टर यांच्या ध्वनिमुद्रिका कशा ऐकाव्यात

अमेरिकन जॅझ गायिका आणि गीतकार-संगीतकार बेटी कार्टर यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायला बसलेला नवा श्रोता बहुतेक वेळा एकच चूक करतो. तो पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून सुरुवात करतो, सालवार पुढे सरकतो आणि तिसऱ्या-चौथ्या ध्वनिमुद्रिकेपाशी कंटाळून थांबतो. ही सालवारी अभ्यासकाच्या कामाची असली, तरी ऐकण्याच्या कामाची नाही. 1948 ते 1951 या काळात लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात गाणारी, ‘बेटी बीबॉप’ (बीबॉप ही त्या काळची नवी, द्रुत लयीची जॅझ शैली) या टोपणनावाने ओळखली जाणारी तरुणी आणि 1979 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या रंगमंचावर तीन साथीदारांना घेऊन पंचवीस मिनिटांची एकच रचना गाणारी गायिका यांच्यामधले अंतर इतके मोठे आहे की, दुसरी कोण आहे हे आधी कळल्याखेरीज पहिलीत काय दडले होते ते ऐकू येत नाही. म्हणून पुढे सुचवलेला क्रम मधूनच सुरू होतो, मागे जातो आणि मग पुढे येतो.

त्याआधी थोडी तयारी करावी लागते. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर या गायिकेला ऐकू नये. त्या स्पीकरमधून खर्जातले स्वर, म्हणजे डबल बास या उभ्या, खोल आवाजाच्या तंतुवाद्याचे स्वर, जवळजवळ नाहीसे होतात, आणि बेटी कार्टर यांच्या गाण्यात लय धरून ठेवण्याचे काम मुख्यतः तोच बास करत असतो. तंबोरा बंद करून ख्याल ऐकण्यासारखाच हा प्रकार होईल. साधे, पण कानावर नीट बसणारे हेडफोन पुरेसे आहेत. ऑनलाइन सेवेवर ऐकणार असाल, तर गाण्यांचा क्रम उलटापालटा करणारी सोय आणि एक गाणे दुसऱ्यात मिसळवणारी सोय, या दोन्ही आधी बंद कराव्यात. त्यांच्या उत्तम ध्वनिमुद्रिकांपैकी बऱ्याच प्रत्यक्ष मैफलींतल्या आहेत आणि दोन गाण्यांमधली दाद, श्रोत्यांचे हसणे, पुढच्या गाण्याची लय धरण्याआधीची क्षणभराची शांतता हा सगळा त्या मैफलीचाच भाग आहे.

दुसरी तयारी मात्रा मोजण्याची आहे, आणि हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला ती जड जाऊ नये. जॅझमधल्या पुष्कळ जुन्या गाण्यांचे एक आवर्तन 32 बारचे असते. प्रत्येक बारमध्ये 4 मात्रा, म्हणजे एकूण 128 मात्रा होतात. या 32 बारचे बहुधा आठ-आठ बारचे चार भाग पडतात: पहिला भाग, त्याचीच पुनरावृत्ती, मग ‘ब्रिज’ म्हणून ओळखला जाणारा वेगळ्या चालीचा तिसरा भाग, आणि शेवटी पुन्हा पहिला. ‘बॉडी अँड सोल’ आणि जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांची ‘राउंड मिडनाइट’ या दोन्ही रचना याच घडणीच्या आहेत. आपल्याकडे समेची जागा तबल्याचा ठेका दाखवतो. इथे तसा बांधलेला ठेका नसतो, ड्रमवादक दर आवर्तनाला काहीतरी निराळे वाजवतो, आणि आवर्तन कुठे पोहोचले हे पियानोवरच्या स्वरमेळांच्या ठरलेल्या क्रमावरून समजते. पहिले काही दिवस बोटाने बासचे स्वर मोजावेत. मध्यम आणि द्रुत लयीत बासवादक बहुधा मात्रेला एक स्वर वाजवत चालतो, त्यामुळे तोच आपला ठेका समजावा.

ही तयारी एवढ्याचसाठी की बेटी कार्टर स्वतः त्या मात्रांवर क्वचितच पाय ठेवतात. शब्द मात्रेच्या बराच मागून येतो, कधी एखादे अक्षर ताणले जाऊन पुढच्या ओळीची जागा खाऊन टाकते, आणि मग तीन-चार शब्द एका झपाट्यात म्हणून त्या अचूक ठिकाणी येऊन पोहोचतात. ज्याला आवर्तन ठाऊक नाही, त्याला हे विस्कळीत वाटते. ज्याच्या बोटावर मात्रा चालू आहेत, त्याला तीच गोष्ट समेवर येण्याच्या आनंदासारखी लागते.

आता पहिली पायरी. 1961 सालची ‘रे चार्ल्स अँड बेटी कार्टर’ ही लोकप्रिय गायक-पियानोवादक रे चार्ल्स यांच्याबरोबरची युगुलगीतांची ध्वनिमुद्रिका घ्यावी. सोबत वाद्यवृंद आहे, गाणी लहान आहेत, आणि ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’ या गाण्याने त्या दोघांना मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. येथे फक्त आवाजाची ओळख करून घ्यायची आहे: किंचित धुरकट, मधल्या पट्टीत ऊबदार, आणि ओळीच्या अखेरीला स्वर जरा खाली वाकवण्याची सवय असलेला आवाज. एकदोनदा ऐकून पुढे जावे. ही ध्वनिमुद्रिका गोड आहे, पण बेटी कार्टर यांची नव्हे, असे माझे मत आहे. त्या तिथे पाहुण्यासारख्या गातात.

दुसरी पायरी एकाच गाण्याची आहे. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे गाणे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटामुळे आपल्याकडेही अनेकांना पाठ आहे. ते मुळात 1959 च्या ब्रॉडवेवरील संगीतिकेतले. आधी ते चित्रपटातल्या सरळ चालीत दोनदा ऐकावे, कारण बंदिश ठाऊक नसताना तिचा विस्तार कळत नाही. नंतर 1964 साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘इनसाइड बेटी कार्टर’मधले तेच गाणे ऐकावे, आणि लगेच 1979 च्या मैफलीच्या ‘द ऑडियन्स विथ बेटी कार्टर’ या ध्वनिमुद्रिकेतले ऐकावे. याच दोन ध्वनिमुद्रिकांत ‘स्प्रिंग कॅन रियली हँग यू अप द मोस्ट’ हे संथ गाणेही आहे. त्याचीही अशीच जोडी लावावी. पंधरा वर्षांत एका गायिकेने लय किती सैल सोडली आणि साथीदारांवर किती विश्वास टाकायला सुरुवात केली, हे या दोन जोड्यांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही चरित्रातून होत नाही.

आता मुख्य मुक्काम. ‘द ऑडियन्स विथ बेटी कार्टर’ ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका डिसेंबर 1979 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेट अमेरिकन म्युझिक हॉलमध्ये मुद्रित झाली आणि 1980 साली ‘बेट-कार’ या कंपनीतर्फे बाहेर पडली. बेट-कार ही त्यांची स्वतःची कंपनी. नाव आणि आडनाव यांचे पहिले तुकडे जोडून तिचे नाव बनले आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या कंपन्यांचे लक्ष रॉक संगीताकडे वळले, जॅझ गायकांवर बाजाराला रुचेल असे गाण्याचा दबाव येऊ लागला, आणि बेटी कार्टर यांनी त्यापुढे मान तुकवण्याऐवजी स्वतःच ध्वनिमुद्रिका काढण्याचा मार्ग धरला. हा तपशील इथे सांगण्याचे कारण असे की, पहिल्या तबकडीची सुरुवातच ‘साउंड्स’ या सुमारे पंचवीस मिनिटांच्या त्यांच्या स्वतःच्या रचनेने होते. रेडिओवर वाजण्याजोग्या तीन मिनिटांच्या गाण्यांवर ज्या धंद्याचे गणित चालते, त्या धंद्यातला कोणता व्यवस्थापक अशी सुरुवात मंजूर करणार? ती मंजूर करणारी मालकीण स्वतः गात होती.

‘साउंड्स’ एका बैठकीत समजून घेण्याचा हट्ट धरू नये. मी पहिल्यांदा ते लावले तेव्हा सातव्या मिनिटाला बंद केले होते, आणि त्यात काही लाज वाटण्यासारखे आहे असे मला आजही वाटत नाही. त्याचे चार वेळा ऐकणे करावे आणि प्रत्येक वेळी एकाच व्यक्तीमागे जावे. पहिल्यांदा ड्रमवादक केनी वॉशिंग्टन यांच्या मागे: त्या वेळी ते अवघे 21 वर्षांचे होते, आणि गायिकेने लय बदलताच ते ती कशी उचलतात, कधी तिच्या आधीच कशी ओळखतात, एवढेच पाहावे. दुसऱ्यांदा बासवादक कर्टिस लंडी यांना धरावे. तिसऱ्यांदा पियानोवर असलेल्या जॉन हिक्स यांच्याकडे लक्ष द्यावे. तिघांत ते वयाने मोठे आणि सर्वांत निवांत आहेत, आणि गायिका जिथे जागा मोकळी सोडते तिथे ते ती भरतात की मोकळीच ठेवतात, हे ऐकण्यासारखे आहे. चौथ्यांदा आवाज. या रचनेत शब्दांवर फार काही उभे नाही. निरर्थक अक्षरांवर गाण्याच्या या पद्धतीला ‘स्कॅट’ म्हणतात आणि ती आपल्या तराण्याच्या जवळची वाटते. मात्र तराण्यात बोल बांधलेले असतात, इथे ते त्या क्षणी सुचतात, हा फरक ध्यानात ठेवावा. लय ठायीतून चढीला जाते, पुन्हा उतरते, मध्येच वेगळ्याच चालीवर जाते, आणि हे सगळे चौघांनी मिळून होते. ‘मुख्य कलाकार आणि साथ’ अशी विभागणी मनात धरून ऐकणाऱ्याच्या हाती निम्मेच लागते.

त्याच ध्वनिमुद्रिकेतल्या दुसऱ्या टोकाच्या दोन गोष्टी नंतर ऐकाव्यात. ‘एव्हरीथिंग आय हॅव इज युअर्स’ हे जुने प्रेमगीत त्या इतक्या विलंबित लयीत गातात की दोन मात्रांच्या मध्ये श्रोत्याने श्वास धरून बसावे. आणि ‘टाइट’ हे त्यांचे स्वतःचे छोटे, खटकेबाज गाणे. बेटी कार्टर यांना गायिका म्हणून सगळे ओळखतात, रचनाकार म्हणून थोडे; त्यामुळे ‘टाइट’, ‘आय कान्ट हेल्प इट’ आणि ‘ओपन द डोअर’ ही तीन गाणी वेगळी काढून एकापाठोपाठ ऐकावीत. गाता गाता थांबणे, अडणे आणि एकदम सुटणे हे जे त्या इतरांच्या गाण्यांत आपल्या मर्जीने करतात, तेच त्यांनी आपल्या गाण्यांच्या बांधणीतच घालून ठेवले आहे, हे तेव्हा दिसते. ‘आय कान्ट हेल्प इट’ 1958 च्या ‘आउट देअर’मध्येही सापडते, म्हणजे ही खोड जुनी.

येथून मागे जावे. 1970 साली न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या प्रसिद्ध जॅझ क्लबमध्ये मुद्रित झालेली ध्वनिमुद्रिका आणि 1976 ची ‘द बेटी कार्टर अल्बम’ या बेट-कारच्या आधीच्या दोन ध्वनिमुद्रिका आता सहज उलगडतील. यापुढची 1982 ची ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टू लव्ह?’ ही तंतुवाद्यांच्या साथीची आहे. ती मला थोडी अवघडलेली वाटते, परंतु अनेक जाणकारांना ती प्रिय आहे, तेव्हा स्वतः ऐकून ठरवावे.

तबकड्या किंवा सीडी विकत घेणाऱ्यांसाठी येथे सावधगिरीच्या दोन सूचना आहेत. ‘राउंड मिडनाइट’ या एकाच नावाने त्यांच्या दोन निराळ्या ध्वनिमुद्रिका मिळतात. एक साठच्या दशकाच्या पूर्वार्धात अ‍ॅटको कंपनीसाठी स्टुडिओत केलेली आहे, आणि दुसरी 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या जडसन हॉलमधल्या मैफलीची, रूलेट कंपनीने काढलेली. मुखपृष्ठावरच्या नावावर विसंबू नये, कंपनी आणि मुद्रणाचे ठिकाण पाहावे. त्याच मैफलीतला ऐवज ‘फायनली, बेटी कार्टर’ या नावानेही आला आहे. दुसरी सूचना अशी की, व्हॅनगार्डच्या ध्वनिमुद्रिकेवर मुळात केवळ ‘बेटी कार्टर’ असे नाव होते आणि ‘अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ हे नाव सीडीवर दिसते. दोन वेगळ्या समजून दोन्ही विकत घेऊ नयेत. बेट-कारच्या मूळ एलपी जुन्या बाजारात चढ्या भावाने विकल्या जातात, पण ऐकण्यासाठी त्यांचीच गरज नाही, कारण व्हर्व्ह कंपनीने 1988 पासून त्या सीडीवर आणल्या.

व्हर्व्हसाठी केलेल्या नव्या ध्वनिमुद्रिकांचा काळही तोच. 1988 च्या ‘लुक व्हॉट आय गॉट!’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ती चांगली आहेच, तरी या काळातल्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याची माझी रीत वेगळी आहे: मी पियानोवादक बदलत ऐकतो. बेटी कार्टर यांचा ताफा म्हणजे तरुण वादकांची शाळा होती. विद्यार्थी तयार झाला की तो आपल्या वाटेने जाई आणि त्याच्या जागी नवा पोरगा येई. पुढे 1993 मध्ये त्यांनी ‘जॅझ अहेड’ हा तरुण वादकांसाठीचा उपक्रमच सुरू केला. बेनी ग्रीन, स्टीफन स्कॉट, मलग्रू मिलर, सायरस चेस्टनट ही नावे या ध्वनिमुद्रिकांच्या माहितीपत्रकात शोधावीत आणि गायिका प्रत्येकाला कसे निराळे ढकलते ते टिपावे. मग एकदम 1994 ची ‘फीड द फायर’ लावावी. ती लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या मैफलीची असून पियानोवर जेरी अ‍ॅलन, बासवर डेव्ह हॉलंड आणि ड्रमवर जॅक डिजॉनेट आहेत. येथे शिकवायला कोणी विद्यार्थी नाही, चौघेही तुल्यबळ आहेत, आणि साठी ओलांडलेल्या गायिकेला त्यांच्यासमोर जागा मिळवण्यासाठी झगडताना ऐकणे हा निराळाच अनुभव आहे.

1987 साली त्यांनी जॅझ गायिका कार्मेन मॅक्रे यांच्याबरोबर त्याच ग्रेट अमेरिकन म्युझिक हॉलमध्ये गायलेली युगुलगीते सवडीने ऐकावीत. तिथे दोघींच्या थट्टामस्करीकडेही लक्ष असू द्यावे.

बेटी कार्टर 26 सप्टेंबर 1998 रोजी ब्रुकलिनमध्ये वारल्या. त्यानंतर एकवीस वर्षांनी, 2019 मध्ये, 1992 च्या त्यांच्या एका न्यूयॉर्कमधल्या मैफलीचे मुद्रण ‘द म्युझिक नेव्हर स्टॉप्स’ या नावाने बाहेर आले. ते अगदी शेवटी ठेवावे. त्यात मोठा वाद्यवृंद आहे, तंतुवाद्ये आहेत, आणि लहान ताफाही आहे. म्हणजे 1961 पासून ज्या ज्या साथीत त्या गायल्या, त्या जवळपास सगळ्या एकाच रात्री त्यांच्यामागे उभ्या आहेत. हेडफोन लावावेत, बोटावर बासच्या मात्रा धराव्यात, आणि जॉन हिक्स यांचा पियानो कुठे ऐकू येतो ते ओळखण्याचा प्रयत्न करावा.