माया राजवाड्यातला फेसाळ कोको घरी कसा कराल

माया म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे प्राचीन लोक. त्यांच्या राजांचा कोको करायचा तर दूध, साखर आणि रवी तिन्ही बाजूला ठेवा. साखर आणि दूध तिकडे स्पॅनिश लोकांनी नेलं. रवीसारखी लाकडी घुसळणीही त्यांच्या काळातली.

कोको पावडर घेऊ नका, तिच्यातलं लोणी बरंचसं काढून घेतलेलं असतं. आंबवून वाळवलेल्या बिया ऑनलाइन मिळतात, केरळ-कर्नाटकात पिकतात. चार जणांना मूठभर पुरतात. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा. टरफल तडतडायला लागलं की उतरवा, चोळा, सुपात पाखडा.

आता पाटा. आपल्या पाट्याला लसणाचा वास असतो, म्हणून आधी त्यावर मूठभर तांदूळ वाटून टाकून द्या. पाटा तासभर उन्हात तापू दे. गार दगडावर बी नुसती भुगा होते. कोमट पाट्यावर थोड्या वेळाने तूप सुटतं आणि वाटण काळंभोर, चकचकीत, ओलं होतं. तिथंच थांबा. मिक्सरने हे होत नाही असं नाही, पण मला पाट्याचंच पटतं.

वाटणात अर्धा लिटर कोमट पाणी, एक सुकी संकेश्वरी मिरची कुटून आणि चमचाभर मध घाला. माया लोक डंख नसलेल्या माशा लाकडाच्या ओंडक्यात पाळत, मध त्यांचा. तांबडा रंग हवा तर शेंद्रीच्या बिया पाण्यात चोळून घ्या. आणि मिरची? तीही मूळची अमेरिकेचीच, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. तांबड्या रश्श्याच्या कोल्हापुरात हे सांगायलाच हवं.

खरं काम पुढे आहे: फेस. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात इ. स. 670 ते 750 च्या दरम्यानचं एक माया भांडं आहे. त्यावर महालात बसलेला एक म्हातारा देव, भोवती पाच तरुणी, आणि त्यातली एक उभ्यानं एका भांड्यातून खालच्या भांड्यात धार सोडतेय. तसंच करायचं. एक तांब्या छातीशी धरा, दुसरा परातीत खाली ठेवा. धार बारीक आणि अखंड हवी. पंधरा-वीस वेळा वरखाली करा. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधावर येतो तसा दाट फेस आला पाहिजे. पहिला फेस पाहुण्याच्या पेल्यात, आणि लगेच प्यायचं.

पेले कुंभार गल्लीतून उभट, सरळ कडांचे आणा. माया दरबारात पेल्याच्या काठाखाली चित्रलिपीत ओळ असायची: हा पेला कुणाचा, आत काय प्यायचं. ग्वाटेमालातल्या रिओ अझुल इथल्या थडग्यात 1984 मध्ये फिरकीच्या झाकणाचं भांडं सापडलं. त्यावर ‘ककाव’, म्हणजे कोको, लिहिलेलं वाचता आलं, आणि आतल्या अवशेषात कोकोच निघाला. तुम्हीही प्रत्येकाचं नाव लिहा, फक्त बाहेरून, आणि ओठ टेकतो त्याच्या दोन बोटं खाली.