जुनी ओम्नी ओढत नाही? इंजिन उघडण्याआधी हे बघा

जुनी कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती ओम्नी व्हॅन चढाला दम टाकायला लागली की गॅरेजवाला आधी 'इंजिनचं काम निघालंय' म्हणतो. थोडं थांबा.

सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून सोडा. लगेच मंदावली, तर ब्रेक चिकटतायत. थांबल्यावर चारही ड्रम-डिस्कजवळ हात न्या (टेकवू नका, चटका बसेल). एकच चाक जास्त तापलं असेल तर दोष तिथे. चौथ्या गिअरमध्ये इंजिन नुसतंच ओरडतंय आणि वेग वाढत नाही? क्लच घसरतोय.

दोन्ही ठीक असतील तर पुढची सीट उचला, इंजिन तिथेच आहे. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर. एक स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा) मेला तरी ताकदीचा तिसरा हिस्सा गेला आणि आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) गाडी थरथरते. प्लग काढून बघा: कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला, तेलकट काळा म्हणजे ऑईल वर येतंय. सपाटीला बरी, चढाला गुदमरते? आधी पेट्रोल फिल्टर बदला, स्वस्तातलं काम आहे. कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगून केबल थ्रॉटल (कार्ब्युरेटरची झडप) पूर्ण उघडते का, तेही पाहा. केबल सैल झालेली कुणाच्या लक्षातच येत नाही.

एवढ्यानंतरही फरक नसेल तरच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या.