प्रभागातील पदपथ, बसथांबा आणि सायकल मार्गासाठी तरतूद कशी मागावी: पुण्यापुरते मार्गदर्शन

खड्ड्याची तक्रार आणि रस्त्याच्या कामाची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रार केव्हाही करता येते आणि ती देखभालीच्या खर्चातून निकाली निघते. नवा पदपथ किंवा सायकल मार्ग मात्र अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद असल्याशिवाय होत नाही. महापालिकेचे आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होत असले, तरी त्याची जुळवाजुळव कित्येक महिने आधी चालू झालेली असते. त्यामुळे मार्चमध्ये निवेदन घेऊन जाणाऱ्याच्या हाती बहुधा पोच तेवढी पडते.

सर्वप्रथम रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे ठरवावे. शहरातील बहुतेक रस्ते महापालिकेच्या पथ विभागाकडे असतात, परंतु कात्रज-देहूरोड बाह्यवळणासारखा राष्ट्रीय महामार्ग शहरातून जात असला तरी तो महापालिकेचा होत नाही. हद्दीबाहेर साधारणपणे ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. चुकीच्या दारात दिलेला अर्ज फेटाळला जात नाही, तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ टेबलांवरून फिरत राहतो, आणि ते अधिक वाईट.

त्यानंतर विकास आराखड्याचा नकाशा पाहावा. नकाशात रस्ता 24 मीटर रुंद दाखवला, म्हणून तेवढी जागा ताब्यात आली असे होत नाही. पुण्यात ‘मिसिंग लिंक’ म्हणून ओळखले जाणारे अर्धवट रस्ते बहुतांशी भूसंपादन अडल्यामुळेच तुटक राहिले आहेत. जागाच ताब्यात नसेल, तर डांबरीकरणासाठी तरतूद मागणे व्यर्थ आहे. अशा ठिकाणी भूसंपादनाचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे हे माहिती अधिकार कायदा, 2005 खाली विचारावे. अर्जाचे शुल्क 10 रुपये असून माहिती सर्वसाधारणपणे 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.

जागा असेल, तर प्रश्न पैशांचा. लहान कामांसाठी पुण्यात सर्वांत सरळ मार्ग नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाचा आहे. महापालिकेने तो 2006 च्या सुमारास सुरू केला. नागरिक ठरावीक नमुन्यात आपल्या भागातील काम सुचवतात, क्षेत्रीय कार्यालय त्याची व्यवहार्यता तपासते आणि प्रभाग समितीच्या पातळीवर निवड होते. एका कामाच्या रकमेला मर्यादा असते (प्रदीर्घ काळ ती 5 लाख रुपयांची होती), म्हणून येथे उड्डाणपूल मागू नये. पदपथाचा तुटलेला तुकडा, बसथांब्याचे छत, शाळेसमोरील ओलांडपट्टी अशी कामे येथे बसतात. ‘आमच्या भागात पदपथ चांगले करावेत’ असे वाक्य कोणताही अभियंता बाजूला ठेवेल. त्याऐवजी कोणत्या चौकापासून कोणत्या इमारतीपर्यंत, रस्त्याच्या कोणत्या बाजूस, अंदाजे किती मीटर आणि वाटेत विजेचा डीपी किंवा झाड कोठे येते, हे लिहून छायाचित्र जोडावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 या मार्गदर्शक तत्त्वांत पादचाऱ्यांसाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. टेप लावून प्रत्यक्ष रुंदी मोजून दिली, तर वादाला फारशी जागा उरत नाही. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची, महापालिकेत ‘स यादी’ म्हणून ओळखली जाणारी, वाट वेगळी आहे. तिथे हाच कागद पुन्हा वापरता येतो.

बसच्या बाबतीत दार बदलते. पीएमपीएमएल (पुणे महानगर परिवहन महामंडळ) ही 2007 मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांच्या परिवहन सेवा एकत्र करून झालेली कंपनी असून तिची तूट या दोन महापालिका 60:40 या प्रमाणात सोसतात. म्हणजे नव्या मार्गाची किंवा फेऱ्यांची मागणी कंपनीकडे करायची, पण त्या फेऱ्यांना लागणारा पैसा अखेर महापालिकांच्या अंदाजपत्रकातूनच येतो. निवेदनाच्या प्रती दोन्हीकडे द्याव्यात.

सायकल मार्गासाठी महापालिकेने 2017 मध्ये मंजूर केलेला सर्वंकष सायकल आराखडा हा आधार घ्यावा. आपला रस्ता त्यातील जाळ्यात असेल, तर मागणी नवी राहत नाही, मंजूर धोरणाची अंमलबजावणी ठरते. मात्र दोनशे मीटरचा सुटा तुकडा मागू नये. असे तुकडे पुण्यात पुरेसे आहेत आणि त्यांवर दुचाकी उभ्या असतात. पुढे-मागे कोणत्या मार्गाला तो जोडला जाईल, हे दाखवता आले तरच मागावा.

तरतूद छापून आली, तरी फाईल बंद करू नये. वर्षअखेरीस न वापरलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवली जाते, ज्याला महापालिकेत ‘वर्गीकरण’ म्हणतात. म्हणून पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज) तयार झाले का, निविदा निघाली का आणि कार्यादेश दिला का, या तीन गोष्टी पावसाळा संपताच विचाराव्यात, आणि डिसेंबरपर्यंत निविदा नसेल तर लेखी कारण मागावे.