कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे? मग खाण्यापिण्यात एवढं बघा

आधी गोळीची स्ट्रिप घ्या आणि ब्रँडच्या नावाजवळ बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव वाचा, चष्मा शोधावा लागला तरी शोधा, कारण पुढचं सगळं त्या नावावर ठरतं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात, आणि स्टॅटिन स्टॅटिनमध्ये फरक असतो.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन असेल तर ग्रेपफ्रूट (द्राक्षं नव्हे, संत्र्याच्या जातीचं मोठं कडवट-आंबट फळ) नको. होतं काय, आतड्यात एक एन्झाइम असतं, ते गोळीतलं बरंचसं औषध रक्तात जायच्या आधीच मोडून टाकतं आणि डोस हे धरूनच ठरलेला असतो, ग्रेपफ्रूट त्या एन्झाइमलाच गप्प बसवतं, मग गोळी तेवढीच पण रक्तात औषध जास्त, त्यातून स्नायूंना त्रास होऊ शकतो. यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे ज्यूस सकाळी आणि गोळी रात्री घेतली तर? नाही चालत, कारण एन्झाइम पूर्ववत व्हायला 24 ते 72 तास लागू शकतात. पपनसाचंही तेच. पण म्हणून लिंबू आणि साधी गोड संत्री कशाला सोडायची, ती खुशाल खा. रोसुव्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिनवाल्यांना तर ग्रेपफ्रूटचाही विशेष फरक पडत नाही.

रोसुव्हास्टॅटिनची भानगड वेगळीच, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं अँटासिड, म्हणजे अ‍ॅसिडिटीचं औषध, सोबत घेतलं तर औषध कमी शोषलं जातं, म्हणून गोळीनंतर 2 तासांनी अँटासिड घ्या.

लोव्हास्टॅटिनची साधी गोळी संध्याकाळच्या जेवणासोबत घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट अंगी लागत नाही. इसबगोल, ओट्सचा कोंडा कोलेस्टेरॉलसाठी चांगलाच, फक्त या गोळीसोबत एकदम नको, मध्ये काही तास जाऊ द्या.

सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे रेड यीस्ट राइसच्या, म्हणजे यीस्टने आंबवलेल्या लाल तांदळाच्या कॅप्सूल. 'नॅचरल' म्हणून लोक बिनधास्त घेतात, पण त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच, म्हणजे तुम्ही नकळत दोन स्टॅटिन घेताय. डॉक्टरांना चालू औषधं सांगताना अशा कॅप्सूलही सांगा, त्या "औषधात मोडत नाहीत" म्हणून गाळू नका.

दारू जास्त असेल तर तेही खरं सांगा, लिव्हरचा प्रश्न आहे.

काही न करता मांड्या-दंड दुखायला लागले, अशक्तपणा आला तर डॉक्टरांना फोन करा, मनानेच गोळी बंद करून महिनाभर गप्प राहू नका. आणि सोबत लघवी कोका-कोलासारखी गडद झाली तर फोनवरही थांबू नका, त्याच दिवशी जाऊन दाखवा, स्ट्रिप बरोबर घेऊन.