लाँचरमध्ये ॲप सापडत नाही? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि दुकानांतले, छापखान्यांतले, क्लासेसमधले जुने कॉम्प्युटर लिनक्सवर यायला लागले. चांगलंच झालं. पण त्यासोबत आलेली एक तक्रार मला धुळ्यात चहाच्या टपरीवरही गाठते: "ॲप इन्स्टॉल केलंय, पण रोफीत नाव टाइप केलं तर येतच नाही." (रोफी हा एक लाँचर, म्हणजे नाव टाइप करून ॲप उघडायची खिडकी.) आणि लगेच पुढचा प्रश्न: "दुसरा लाँचर टाकू का?"

नका टाकू. लाँचरचा बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. तो तुमची डिस्क धुंडाळत नाही. त्याला ठरावीक फोल्डर माहीत असतात. तिथल्या 'डॉट डेस्कटॉप' शेपटीच्या छोट्या टेक्स्ट फाइली तो वाचतो, त्यातल्या 'नेम' ओळीतलं नाव दाखवतो आणि एंटर दाबलं की 'एक्झेक' ओळीतली कमांड चालवतो. सगळ्या युजरसाठीच्या फाइली /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये, तुमच्यापुरत्या होममधल्या (होम म्हणजे तुमच्या युजरचं स्वतःचं फोल्डर) .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये. (मी इथे उच्चार देतोय, फाइलीत ही नावं इंग्रजी लिपीतच लिहायची.) फाइल नसेल तर लाँचरच्या लेखी ते ॲप नाहीच.

ॲपइमेज डाउनलोड्समध्येच राहू देणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. ॲपइमेज म्हणजे अख्खं ॲप एका फाइलीत. ते इन्स्टॉल होत नाही, त्यामुळे स्वतःहून कुठल्याही यादीत जात नाही. मग कुणीतरी डॉट डेस्कटॉप फाइल बनवून देतो आणि घाईत एक्झेक ओळीत थेट डाउनलोड्सचा पत्ता घालतो. चालतं ना? मग झालं!

अमळनेरच्या एका छापखान्यात असंच बसवून दिलेलं इंकस्केप हे डिझाइनचं ॲप होतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर, लग्नपत्रिकांची रांग लागलेली असताना मालकांचा फोन: "भाऊ, नाव ते दिखस, पन उघडत नही!" मी पोचेपर्यंत त्यांच्या भाच्याने रोफी काढून पुन्हा टाकला होता, कॉम्प्युटर चारदोनदा रीस्टार्ट केला होता, आणि सगळी सिस्टिमच नव्याने टाकायची म्हणून पेनड्राइव्ह लावून बसला होता. पेनड्राइव्ह आधी काढायला लावला. मग रोफी उघडला, 'इंक' टाइप केलं. नाव आलं, शेजारी आयकॉनही आला. एंटर मारला. खिडकी मिटली आणि पुढे काहीच नाही. एरर नाही, आवाज नाही.

नाव येतंय पण उघडत नाही, म्हणजे डॉट डेस्कटॉप फाइल जागेवर आहे आणि ती जिकडे बोट दाखवते तिथे काही नाही. सातबाऱ्यावर नाव आहे, पण शिवारात जमीनच नाही. एक्झेक ओळ उघडून पाहिली, पत्ता डाउनलोड्सचा. "डाउनलोड्स साफ केलं का?" भाचा अभिमानाने म्हणाला, "हो, फार भरलं होतं. ट्रॅशही रिकामा केला." ॲप पुन्हा डाउनलोड करून पत्ता दुरुस्त करायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ मालकांना "लिनक्सच काढून टाका" पासून परावृत्त करायला लागला.

माझी सवय सांगतो. होममध्ये 'ॲप्स' नावाचं फोल्डर करायचं, ॲपइमेज तिथे हलवायची आणि नावातला व्हर्जन नंबर काढून टाकायचा. नंबर राहिला तर पुढच्या अपडेटला फाइलीचं नाव बदलतं आणि पत्ता पुन्हा चुकतो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एक्झिक्युटेबलची परवानगी द्यायची. एक्झेकमध्ये पूर्ण पत्ता, आणि तोच पत्ता 'ट्रायएक्झेक' ओळीतही. ट्रायएक्झेकने सांगितलेली फाइल जागेवर नसेल तर लाँचर ते नावच दाखवत नाही. खोटं नाव दिसण्यापेक्षा हे बरं.

पत्ता बरोबर असूनही ॲपइमेज उघडली नाही, तर एक्झेकमधली कमांड टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालवून बघा. उबंटू २२.०४ पासून जुन्या ॲपइमेजना लागणारी फ्यूज २ ची लायब्ररी आधीपासून टाकलेली नसते. ते टर्मिनल स्पष्ट सांगतं, लाँचर सांगत नाही.

मराठी कीबोर्ड चालू असताना शोधणं

आपल्याकडे हे रोजचं आहे, आणि इंग्रजीतल्या मदतलेखांत मला हे कधी दिसलं नाही. बिलावर गिऱ्हाइकाचं नाव मराठीत लिहिलं, कीबोर्ड इनस्क्रिप्टवरच (मराठी कळरचनेवरच) राहिला, लाँचर उघडून लिब्रेऑफिसच्या 'कॅल्क' चं इंग्रजी स्पेलिंग मारलं. पडद्यावर काय उमटतं? 'मोतम'. या नावाचं ॲप जगात नाही, मग लाँचर रिकामी यादी दाखवतो आणि माणूस म्हणतो, लिब्रेऑफिस उडालं.

आधी पडद्यावर काय उमटलंय ते वाचा, एवढंच खरं तर पुरे. पण ज्यांचा हात दिवसभर मराठीतच असतो, त्यांना मी डॉट डेस्कटॉप फाइलीतल्या 'कीवर्ड्स' ओळीत मराठी शब्द घालून देतो. रोफी नावासोबत ही ओळही शोधतो. शब्दांमध्ये आणि शेवटीही अर्धविराम द्यायचा: हिशोब;तक्ता;कॅल्क; असं. एका अडत दुकानातल्या मुनीमजींच्या मशीनवर तर मी 'मोतम;' सुद्धा घातलंय, आणि ते खुशीत आहेत.

दोन गोष्टी सांभाळा. कीवर्ड्स ओळ आधीच असेल तर तिच्यातच भर घाला, त्याच नावाची दुसरी ओळ नको. आणि मजकूर युनिकोडमध्येच हवा. छापखान्यातल्या जुन्या फाँटांतलं टायपिंग इथे कामाचं नाही.

सुडो लावून मूळ फाइलच बदलणं

वरचा कीवर्ड्सचा बदल सुडोने, म्हणजे ॲडमिनचा अधिकार घेऊन, /यूएसआर मधल्या फाइलीत केला, तर पुढच्या अपडेटला तो पुसला जाणार. मग "परवापर्यंत चालत होतं" असा फोन येतो. फाइल होममधल्या फोल्डरात त्याच नावाने कॉपी करा आणि तिथे बदला. नाव सारखं असेल तर होममधली फाइल मूळ फाइलीवर मात करते. सुडो हा कंटाळा झाकायचा उपाय नाही.

फ्लॅटपॅक टाकून लगेच शोधणं

फ्लॅटपॅक ही ॲप टाकायची आणखी एक पद्धत. तिच्या डॉट डेस्कटॉप फाइली वेगळ्याच ठिकाणी, /व्हार/लिब/फ्लॅटपॅक च्या पोटात असतात. ते ठिकाण 'एक्सडीजी डेटा डिर्स' या व्हेरिएबलमध्ये (सिस्टिमने ठेवलेल्या फोल्डरांच्या यादीत) असेल तरच लाँचर तिकडे बघतो, आणि ते व्हेरिएबल लॉगिन होताना भरलं जातं. पहिल्यांदा फ्लॅटपॅक वापरताना सेशन पुन्हा सुरू करा, अशी सूचना तो स्वतः छापतो. पण ती वाचेल कोण! वाय दाबायचं आणि पुढे जायचं. एकदा लॉगआउट करून परत या, तेवढ्याने बहुतेकांचं भागतं.

आय-थ्रीसारखा नुसता विंडो मॅनेजर (पूर्ण डेस्कटॉपऐवजी फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांना कधी कधी हा मार्ग हाताने जोडावा लागतो. तिथे घाईवाले फक्त फ्लॅटपॅकचा पत्ता लिहून मोकळे होतात, आणि मग फ्लॅटपॅकचं ॲप दिसतं पण बाकीची सगळी गायब. व्हेरिएबल रिकामं असतं तोवरच सिस्टिम आपले नेहमीचे दोन पत्ते धरते, तुम्ही काही लिहिलंत की ते सुटतात. म्हणून /यूएसआर/लोकल/शेअर आणि /यूएसआर/शेअर हेही सोबत लिहा.

बाकीच्या, थोडक्यात

रोफी 'रन' मोडमध्ये उघडला तर तो डॉट डेस्कटॉप फाइली बघतच नाही, नुसत्या कमांड दाखवतो. रोफी उघडणाऱ्या कीबोर्ड शॉर्टकटच्या कमांडमध्ये 'डीरन' हवं. डीमेन्यू या दुसऱ्या लाँचरचंही तसंच, त्याला डॉट डेस्कटॉप फाइल कळत नाही.

एक्झेक ओळीत होमसाठी टिल्डे चिन्ह (~) वापरू नका. ते टर्मिनलमध्ये उलगडतं, इथे नाही.

फाइल रायटर किंवा वर्डमध्ये लिहू नका. ते सरळ अवतरण चिन्हं गोल करतात आणि एक्झेक ओळ मोडते. साधा टेक्स्ट एडिटर घ्या, आणि फाइलीला मागून 'डॉट टीएक्सटी' चिकटलेलं नाही ना तेही बघा.

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टला 'टर्मिनल=ट्रू' लागतं, नाहीतर ती चालून संपते आणि दिसत काहीच नाही.

'नोडिस्प्ले=ट्रू' असेल तर ॲप मुद्दाम लपवलंय, बिघडलेलं नाही. 'ओन्लीशोइन' मध्ये दुसऱ्या डेस्कटॉपचं नाव असेल तरी तेच.

लिहून झाल्यावर 'डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट' ही कमांड त्या फाइलीवर चालवा. ती काही न बोलता परत आली तर लिहिण्यात चूक नाही. काही बोलली, तर मला फोन करण्याआधी तिने सांगितलेली ओळ उघडून बघा.