जुना विक्रम मोडला की काय करावं

खानापूरकडच्या शाळेत मी पोरांना पळायला शिकवतो. विक्रम मोडला की आधी टाळ्या, हिशेब मग. पण हिशेब कराच. हातातल्या स्टॉपवॉचची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ एकाच तराजूत घालू नका. १०० मीटरला हातातलं स्टॉपवॉच साधारण ०.२४ सेकंद कमी दाखवतं. मैदान कसलं होतं, हेही विचारा. मिल्खासिंगांनी १९६० साली रोमला ४०० मीटर ४५.७३ सेकंदांत काढले, तेही राखेच्या ट्रॅकवर. १९९८ साली परमजीत सिंगनं ४५.७० वेळ देऊन तो राष्ट्रीय विक्रम मोडला. अडतीस वर्षं आणि फरक ०.०३ सेकंद! यात कुणी लहान होत नाही.

फळ्यावरचं जुनं नाव मात्र पुसू नका. नवं वर लिहा, जुनं खाली राहू द्या.

आमच्या शाळेचा ८०० मीटरचा विक्रम मोडला तेव्हा मी पोराला कुंद्याचा (बेळगावकडची दुधाची मिठाई) डबा देऊन जुन्या विक्रमवाल्याच्या घरी धाडलं. तो भातात चिखलणी करत होता. बांधावर आला, हात धुतले, पोराच्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि विचारलं, "शेवटच्या वळणावर श्वास कसा धरलास रे?"