निगेटिव्ह आधी भिंगाखाली बघा

आमच्या वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर मी अजूनही वर्षातून एक-दोनदा ट्रायपॉड घेऊन जातो. काळ्या दगडाच्या पायऱ्या, कृष्णेचं पाणी, वसईहून आणलेली ती पोर्तुगीज घंटा आणि वर भगभगीत आभाळ. एवढा काळोख आणि एवढा उजेड एकाच चौकटीत आला की फिल्म काय पेलते आणि डिजिटल काय, ते लगेच कळतं.

पण फिल्मच्या बाबतीत मी बरीच वर्षं चुकलो. लॅबमधून आलेल्या स्कॅनमध्ये आभाळ पांढरंफटक आणि फिल्मचे दाणे रवाळ दिसायचे, म्हणून फिल्मला डिजिटलची सर नाही असं ठरवून मोकळा झालो होतो. एका पावसाळ्यात निगेटिव्ह लाइटपॅडवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पाटीवर ठेवून दहापटीच्या भिंगातून पाहिली. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो. आभाळाच्या त्या गडद भागात ढगांच्या कडा स्वच्छ उमटल्या होत्या! फिल्मने त्या टिपल्या होत्या, स्कॅनमध्ये हरवल्या होत्या. म्हणून तुलनेला बसण्याआधी भिंग हातात घ्या. निगेटिव्हवर दिसतं ते स्क्रीनवर नसेल, तर दोष स्कॅनचा आहे.

फोटो काढताना लेन्स एकच ठेवा. मी ५० एमएमची एकच लेन्स निकॉनच्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावर आणि डी७५० या डिजिटल कॅमेऱ्यावर लावतो. ट्रायपॉड हलवायचा नाही, दोन्हीकडे लेन्सचं छिद्र एफ/८, संवेदनशीलता आयएसओ २००. मीटर सांगेल तो एक फोटो, मग दोन स्टॉप जास्त आणि दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप जास्तीचा उजेड सहज पचवते. डिजिटलमध्ये तेवढ्यात आभाळ जळतं आणि ते रॉमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधूनही) परत मिळत नाही. कमी उजेडात नेमकं उलटं होतं. डिजिटलच्या सावल्या वर उचलता येतात, निगेटिव्हच्या सावल्यांत मात्र राखाडी गाळ आणि दाणे उरतात. म्हणून निगेटिव्हला सावली बघून एक्स्पोजर द्यायचं, डिजिटलला आभाळ बघून.

आता स्कॅन. खरी मेहनत इथेच आहे. ३६ बाय २४ मिमीची चौकट ४००० डीपीआयला (इंचाला ४००० ठिपके) सुमारे २१ मेगापिक्सेल देते, २४०० ला पावणेआठ. फ्लॅटबेड (काचेवर कागद ठेवायच्या) स्कॅनरच्या खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तीच निगेटिव्ह २४०० ला आणि ४८०० ला स्कॅन करा. फाइल फुगली पण नवा बारकावा दिसला नाही, तर त्या स्कॅनरची धाव तेवढीच.

मी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी) लावून कॅमेऱ्यानेच निगेटिव्ह टिपतो. निगेटिव्हच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत स्टँड हलवायचा. हे चुकलं तर एक कोपरा धूसर येतो आणि बोल फिल्मला लागतो. फोकस चित्रावर नाही, दाण्यांवर करायचा. निगेटिव्हची चकाकी नसलेली बाजू लेन्सकडे ठेवायची, चित्र नंतर आडवं उलटवायचं. भोवतीचा उघडा लाइटपॅड काळ्या कार्डाने झाकायचा, नाहीतर सावल्या धुरकट होतात. फिल्मच्या कोऱ्या नारिंगी कडेवरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा, मगच चित्र पॉझिटिव्ह करायचं.

यात एक मेख आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने टिपलेली निगेटिव्ह त्याच कॅमेऱ्याच्या पुढे कशी जाणार? म्हणून बारकाव्याचा निवाडा करायचा असेल तर आणखी जवळ जाऊन निगेटिव्ह चार तुकड्यांत टिपा आणि जोडा.

शार्पनिंग (सॉफ्टवेअरने कडा ठळक करणं) दोन्हीकडे बंद ठेवा. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून भांडत बसू नका. दोन्ही फाइल ५४०० बाय ३६०० पिक्सेलला आणा, म्हणजे ३०० डीपीआयला १२ बाय १८ इंच, आणि एकाच कागदावर छापून घ्या.

माझे दोन प्रिंट खिडकीपाशी शेजारी लावले आहेत. पायऱ्यांवरचे छिन्नीचे घाव डिजिटलमध्ये मोजता येतात, फिल्ममध्ये नुसते जाणवतात. पण घंटेमागचं आभाळ फिल्ममध्ये हळूहळू पांढरं होत जातं. डिजिटलमध्ये ते एका रेषेवर तुटतं.